पहिला चौकोन

चमचा वाटीवर वाजला की मी जायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. ह्यांना विचारायची सोयच नव्हती. गेल्या वर्षी होळीच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. टीव्हीवर मॅच लागली की अंपायरने बोट वर करायच्या आधी ह्यांची मान हललेली असायची. पण ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडलं की नुसतं ‘प... प...’ यायचं, आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. लिहिण्याचंही तेच. पेन डाव्या हातात दिलं तरी अक्षर उमटायचं नाही. डॉक्टर म्हणाले, डावा हात धड आहे, पण शब्द जिथून निघतात तिथेच अडकलेत.

म्हणून स्टीलची वाटी आणि चमचा. पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल, स्टुलावर वाटी. टण् टण् झालं की मी स्वयंपाकघरातून बाहेर. मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. साहेबाने केबिनमधून बेल मारली की शिपाई स्टुलावरून कसा उठतो ते मी आयुष्यभर बघितलं आहे. उतारवयात ते काम माझ्या वाट्याला आलं. मला तो आवाज बिलकुल आवडायचा नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही. ते काय सांगणार, बिचारे!

त्याआधी ह्या घरात माझं नाव ‘गो’ होतं. हे लालबागचे, मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत. मी गिरगावातली, कारकुनांच्या घरातली. आमच्याकडे ‘अगं’सुद्धा शेजारी ऐकू जाणार नाही इतपतच म्हणत. लग्नानंतर मी त्यांना ‘अहो’ म्हणायला लागले आणि त्यांनी मला ‘गो’. नावाने आम्ही दोघांनीही कधी हाक मारली नाही. ‘गो, चष्मा खंय?’ चष्मा कपाळावर. ‘गो, च्याचा काय झाला?’ चहा समोर. पुष्कळदा तर मी पिठाचे हात धुऊन बाहेर यावं आणि ह्यांनी म्हणावं, ‘काय नाय गो, असाच.’ डोक्यात तिडीक जायची. एकदा मी म्हटलं होतं, तुमच्या त्या ‘गो’ला एक दिवस तरी सुट्टी द्या. आता दिली होती.

शिवाजी पार्कजवळ एक स्पीच थेरपीवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा टॅक्सीने जायचो. बाई मोजकं बोलणाऱ्या. मला बऱ्या वाटल्या. त्यांनी एक प्रोग्राम दिला. अशा पेशंटांसाठीच कुणी तरी लिहिलेला, कुणालाही वापरता येणारा. लॅपटॉपच्या पडद्यावर बारा चौकोन दिसतात, प्रत्येकात एक चित्र आणि एक वाक्य. माऊसने चौकोन दाबला की यंत्र ते वाक्य मोठ्याने बोलून दाखवतं. एक नंबरचा चौकोन वर डावीकडे, बाकीच्यांपेक्षा मोठा, लाल: ‘मला मदत हवी आहे.’ दुसरा, ‘मला तहान लागली आहे.’ तिसरा बाथरूमचा. असे बारा.

लॅपटॉप माझाच, जुना. नेहमीची सिस्टीम त्याला झेपेना म्हणून झटक्याच्या महिनाभर आधी ह्यांनी त्याच्यावर लिनक्स टाकलं होतं. हे माटुंग्याच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायचे, तिथेच रिटायर झाले. लिनक्स म्हणजे एका कुणाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली सिस्टीम. ह्यांचा तिच्यावर फार जीव. मी म्हणायचे, फुकट आहे म्हणून. ते म्हणायचे, ‘फुकट म्हणान नाय गो. उघडून बघूक गावता म्हणान.’ मला काय करायचंय उघडून बघून? मला भाजीच्या रेसिपी बघायच्या आणि विजेचं बिल भरायचं, एवढंच माझं काम.

तर पहिल्या दिवशी ह्यांनी दुसरा चौकोन दाबला. यंत्र म्हणालं, ‘मला तहान लागली आहे.’ सपाट आवाज, ना बाईचा ना बाप्याचा. ह्यांनी ते ऐकलं आणि डाव्या हाताने लॅपटॉप पुढे ढकलून दिला. नंतर मी रोज समोर ठेवायचे आणि ते रोज ढकलायचे. बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘हा चौकोनांचा बोर्ड वापरायला लागले तर हळूहळू तोंडही साथ देईल. पण त्यांना सांगावंसं वाटलं पाहिजे. ते वाटणं एकदा गेलं की माझ्या हातात फारसं काही राहत नाही.’

ते वाटणं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आधी दिवसातून पंधरा-वीस वेळा वाजणारी वाटी पाच वेळा वाजायला लागली, मग दोनदा. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. मॅच लावली तरी वळायचे नाहीत. एक दिवस दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत वाटी वाजलीच नाही, तर मी जाऊन श्वास चालू आहे ना ते बघितलं. चालू होता. डोळे उघडे होते. तहान लागलेली होती, ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या हातभर लांब, आणि हा माणूस मला बोलवत नव्हता.

मग मी भडकले. जे तोंडाला आलं ते बोलले. बोलायचं नसेल तर नका बोलू, म्हटलं, मीपण बोलत नाही, बसू दोघं दोन भिंतींकडे तोंड करून. लॅपटॉप शोभेला ठेवलाय का? ते ऐकून घेत होते. उत्तर न देणाऱ्या माणसाशी भांडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत राहतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

आमची चाळ पाडून टॉवर झाला, पण शेजार तोच राहिला आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्या काकी ऐंशीच्या पुढच्या, ह्यांच्याच गावच्या, ह्यांना लंगोटात बघितलेल्या. त्या बरेच दिवस गावी होत्या. आल्या त्या चपला काढून थेट पलंगापाशी, आणि मला बाजूला सारत म्हणाल्या, ‘काय रे झिला, जेवलंस मां?’

भिंतीकडून आवाज आला, ‘व्हय.’

स्पष्ट. अख्खा शब्द. झटक्यानंतरचा पहिला.

काकींना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण नंतर. आधी मला राग आला. मी इतके महिने उशाशी बसून ‘पाणी म्हणा, पा-णी’ करतेय, आणि काकींना फुकटात ‘व्हय’! ते परत बोलले नाहीत. काकींनी आणखी चार प्रश्न विचारले, त्यांवर नुसती मान. पण ह्यांनी भिंतीकडची कूस बदलली होती.

रात्रीच्या भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘मला तहान लागली आहे’ असं हा माणूस उभ्या जन्मात कधी म्हणाला होता? ते पुस्तकातलं बोलणं त्याच्या तोंडी कुणी घातलं? माझ्याही तोंडी शोभलं नसतं, मग ह्याची काय कथा. मी बाईंना फोन केला. वाक्यं बदलता येतात का? बाई म्हणाल्या, येतात की, ती सगळी एका साध्या फाइलीत असतात, इंग्रजी आकडा आणि पुढे मराठी वाक्य. फाइल उघडा आणि बदला. मी म्हटलं, मग तर माझं कामच आहे ते.

आता माझी काम करायची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मी गिरगावातल्या टायपिंगच्या क्लासात शिकले. वर पत्र्याचं छप्पर, खाली चाळीस मशिनं, आणि सर पट्टी घेऊन मागे उभे. सरांचे दोन नियम. एक, बोटांकडे बघायचं नाही. दोन, खाडाखोड केलेला कागद पुढे न्यायचा नाही. चूक झाली की अख्खं पान काढायचं आणि पहिल्यापासून फेअर कॉपी टाइप करायची. पुढे ऑफिसातही तेच. आणि प्रत्येक कागदाची ऑफिस कॉपी फायलीत.

तेव्हा मी फाइल उघडली. लिनक्समध्ये एक साधा लिहायचा प्रोग्राम असतो, त्यात. बारा ओळी. त्यांची ऑफिस कॉपी मी शंभर पानी वहीत पेनाने उतरून घेतली, अगदी कंस आणि स्वल्पविरामासकट. लॅपटॉपवर फाइलीची नक्कल करून ठेवावी हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. वहीत आहे ना, झालं. मग पडद्यावरचं सगळं पुसलं आणि ह्यांच्या बोलीतली बारा वाक्यं, आकडे घालून, स्वच्छ फेअर कॉपी टाइप केली. बोटांकडे एकदाही बघितलं नाही. सेव्ह केलं, प्रोग्राम चालू केला.

राखाडी खिडकी. चौकोन एकही नाही.

पुन्हा चालू केला. राखाडी. मी वही काढली आणि आधीची फाइल होती तशी टाइप केली, कंसात कंस, स्वल्पविरामात स्वल्पविराम. तरी राखाडी. म्हणजे माझी वाक्यं तर नाहीच नाहीत, बाईंची होती तीपण गेली. तिसऱ्यांदा फेअर कॉपी केली. तोवर हे पलंगावर अर्धवट उठून बसले होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. एकदम त्यांनी डावा हात पुढे केला आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीत बोट आपटायला लागले. एकाच ठिकाणी, टक टक टक. पडद्यावर काहीबाही उमटलं. मी त्यांचा हात झटकला. ‘हात लावू नका हो, आधीच बिघडलंय!’ त्यांनी परत बोट आपटलं. मी परत झटकला, जरा जोरातच. मग ते आडवे झाले आणि भिंतीकडे वळले.

ते बोट मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांची डायरी शोधली. कॉलेजात असल्यापासून हे लिनक्सच्या आज्ञा एका डायरीत लिहून ठेवायचे. मी चेष्टा करायचे, एवढा कम्प्युटरवाला माणूस आणि लिहितो डायरीत! डायरी देवाच्या कपाटात सापडली, पंचांगाखाली. ह्यांचं अक्षर झटक्यानंतर पहिल्यांदाच बघितलं. मग पानं उलटायला लागले. मधेच एका पानावर होतं: ‘फाइल वाचली जात नसेल तर साध्या एडिटरात बघत बसू नये. कोड एडिटरात उघडावी. चूक लाल दिसते.’ आणि खाली, ‘कोड एडिटर टाकण्यासाठी’ असं लिहून दोन ओळींची इंग्रजी आज्ञा, तिच्याखाली दोन रेघा.

मला एकदम बरं वाटलं. विचारलं आणि उत्तर आलं, इतक्या महिन्यांनी.

कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा टाइपरायटर. माझ्या लॅपटॉपवर तो नव्हता. भाजीच्या रेसिपी बघणाऱ्या बाईला कशाला हवा, म्हणून ह्यांनी टाकला नसणार. मी लॅपटॉप पलंगावरच घेतला, ह्यांच्या मांडीशी, आणि डायरी उशीला टेकवून उभी केली. ते बघत नव्हते. आज्ञा जिथे द्यायची ती टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडली. पहिला शब्द ‘सुडो’. त्याच्या पुढे ह्यांनीच समासात लिहून ठेवलं होतं, ‘म्हणजे मालकाच्या हुकमाने’. मी आज्ञा टाइप केली, एंटर मारलं. खिडकीने पासवर्ड विचारला.

लॅपटॉप उघडताना पासवर्ड कधी लागला नव्हता. मला त्रास नको म्हणून ह्यांनीच ती सोय करून ठेवली होती. मी अंदाजाने ह्यांची जन्मतारीख मारली. पडद्यावर काही दिसेना. अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. एंटर मारल्यावर कळलं की मेला नव्हता. ‘चुकीचा’ म्हणून उत्तर आलं. चाळीचा नंबर टाकला. चुकीचा. त्यांचं पेन्शनचं काही तरी. चुकीचा. मग खिडकीने हात वर केले.

‘पासवर्ड काय ठेवलाय हो?’ मी सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

ते वळले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी हात मागे घेतले. आदल्या दिवशीचं डोक्यात होतं. त्यांनी बाण दाबून माझी आज्ञा परत आणली, पासवर्डाची ओळ आली, आणि डाव्या हाताची तर्जनी चालायला लागली. हे आयुष्यभर दोन बोटांनी टाइप करायचे. मी हसायचे, कोंबडी दाणे टिपतेय म्हणून. आता एकच बोट होतं. नऊ वेळा टिपलं. एंटर. चुकीचा. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी कीबोर्डच्या डाव्या कडेचा बारीक दिवा बघितला. माझ्या हातून कधी तरी कॅप्स लॉक लागला होता. तो त्यांनी काढला आणि पुन्हा नऊ वेळा टिपलं. पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एंटर.

आणि काळ्या खिडकीत भराभर ओळी पळायला लागल्या.

ज्या हाताला पेन दिलं तर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर येत नव्हतं, त्या हाताने नऊ अक्षरं बिनचूक मारली होती. मी नंतर बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, होतं असं, काही गोष्टी शब्दांत नसतात, हाताच्या सवयीत असतात. तो पासवर्ड मला आजही माहीत नाही.

एडिटर बसायला चहाला उकळी फुटेपर्यंतचा वेळ लागला. आम्ही दोघं पळणाऱ्या ओळी बघत होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना कळत होतं, कारण मधेच एकदा ते मान डोलवून ‘हं’ म्हणाले. ओळी थांबल्या. मी एडिटर उघडला, त्यात ती फाइल उघडली. काळ्या पाटीवर रंगीत अक्षरं. वाक्यं नारिंगी, आकडे पोपटी. आणि चार ओळींवर, अगदी सुरुवातीला, लाल नागमोडी रेघ. पहिली, दहावी, अकरावी, बारावी. तिथले आकडे पोपटी नव्हते.

मी चष्मा पुसून बघितलं. ‘बरोबर तर आहे, एकचा आकडाच लिहिलाय ना!’

तेव्हा ते हसायला लागले. आवाज करून, पोट हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसायला शब्द लागत नाहीत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पडद्यावरच्या पहिल्या लाल रेघेवर बोट ठेवलं, आणि मग कीबोर्डच्या वरच्या ओळीत, एकच्या बटणावर. टक टक टक. काल मी झटकलेलं तेच बोट, तेच बटण.

आमच्या क्लासातल्या मशिनांवर एकचं बटणच नव्हतं. दोन ते नऊ आणि शून्य, एवढीच होती. एक हवा असला की स्मॉल एल मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसायचे. सरांनी तेच शिकवलं आणि माझी बोटं तेच शिकली. ऑफिसात पुढे कम्प्युटर आले तेव्हा त्यांना उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौथरा असायचा, मी आकडे तिथूनच घ्यायचे, म्हणून कधी उघडं पडलं नाही. ह्या लॅपटॉपला तो चौथरा नाही. बोटांकडे बघायचं नाही, त्यामुळे बोटं आपली गेली जुन्या वाटेने. मी तीन वेळा फेअर कॉपी केली आणि तीनही वेळा तीच चूक तितक्याच नेटकेपणाने केली. घरी पहिला लॅपटॉप आणला तेव्हाच ह्यांनी ही खोड पकडली होती. मागे उभे राहून म्हणायचे, ‘एक मार गो, एल कित्याक मारतंस?’ किती वेळा म्हणाले असतील! आणि मी कधी ऐकून घेतलं नाही, कारण माझा स्पीड होता मिनिटाला पंचेचाळीस शब्द आणि ह्यांची ती कोंबडी.

हे सगळं त्यांना काल सांगायचं होतं. सांगण्यासारखं काही तरी होतं, ते सांगण्यासाठी ते आपणहून उठून बसले होते, आणि मी त्यांचा हात झटकला. बाईंनी सांगितलेलं ते ‘वाटणं’ तिथेच होतं. मी म्हटलं, ‘चुकलं हो माझं.’ त्यांनी हात हलवला, पुढे चल अशा अर्थाने. मला मात्र ते जड गेलं, अजून जातं.

एकचे पाच आकडे दुरुस्त केले, ह्या वेळी बोटांकडे बघून. लाल रेघा गेल्या. प्रोग्राम चालू केला तर बारा चौकोन हजर. आधी फाइलीची नक्कल ठेवली, एवढं मी आता शिकले होते. मग आम्ही दोघं वाक्यांवर बसलो. फेअर कॉपी नाही. एकेक वाक्य खोडायचं आणि त्याच जागी दुसरं लिहायचं. सरांनी बघितलं असतं तर पट्टी बसली असती.

मी वाक्य मोठ्याने म्हणायचे, त्यांनी मान हलवायची. ‘पाणी दी.’ हो. ‘च्या हाड.’ हो. ‘फॅन लाव, गरम होता.’ हो. ‘माका निजूक दी.’ माझे उच्चार ऐकून त्यांचं तोंड कडू व्हायचं, पण शब्द पास व्हायचे. ‘मॅच लाव.’ जोरात हो. ‘मीठ कमी पडलां.’ ह्यावर मी म्हटलं, हे मी घालणार नाही, तर त्यांनी बोट आपटलं. घातलं. बाथरूमचं घातलं. ‘गप रव.’ हेही मागून घेतलं, आणि ते कुणासाठी हे विचारायची गरज नव्हती. बाराव्याला त्यांना काहीच पसंत पडेना. शेवटी मी दाराकडे बघून, आवाज खाली करून म्हटलं, ‘आवशीचो घो?’ त्यांनी उशीवर बुक्की मारली. झटक्याआधी शेअर टॅक्सीवाल्यापासून सिलेक्टरांपर्यंत सगळ्यांना तेच मिळायचं. मी ते लिहिलं. गिरगावातल्या माझ्या माहेरच्यांना हे दाखवायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं.

राहिला पहिला. मोठा, लाल, वर डावीकडे. ‘मला मदत हवी आहे’ खोडलं. ‘मदत कर’? नाही. ‘हंय ये’? नाही. ‘जरा बघ’? नाही. ‘बरां वाटत नाय’? नाही, नाही. मी दहा-बारा वाक्यं म्हटली आणि वैतागले. ‘मग काय लिहू? तुम्हीच सांगा आता!’

त्यांनी स्टुलावरचा चमचा उचलला, वाटीवर एकदा वाजवला. मग चमच्याने माझ्याकडे दाखवलं, आणि मग पडद्यावरच्या पहिल्या चौकोनाकडे. चमचा खाली ठेवला आणि वाटी हाताने लांब सरकवली, स्टुलाच्या पार कडेला.

मी एकच अक्षर टाइप केलं. ते मोठ्याने म्हणून दाखवलं नाही. सेव्ह केलं, माऊस त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला आणि कुकर लावायचाय म्हणून उठले.

तांदूळ धूत होते. बाहेरून आवाज आला, ‘गो.’ यंत्राचाच, सपाट. मी ‘आले’ म्हणायला तोंड उघडलं आणि ते ‘आ’वरच राहिलं. परत, ‘गो.’ मी नळ बंद केला. ‘गो. गो. गो.’

‘आले हो, आले! जीव घ्याल का आता!’ मी ओरडले, गाऊनच्या बाहीला डोळे पुसले आणि ओल्या हातांनी बाहेर गेले. ‘काय हवंय?’

त्यांनी मान हलवली. काही नको होतं. माझ्याकडे बघत त्यांनी तोच चौकोन परत दाबला.